वीज अडते कोठे?

परीक्षा आठ दिवसांवर आलेली असते. दिवसभर शिवणयंत्रावर काम करणारी एक अभ्यासार्थिनी रात्री घरकाम आटोपून अभ्यासाला बसते. तिची टिपणे, जुन्या प्रश्नपत्रिका, पाठांची ध्वनिमुद्रणे हे सारे एका टॅबलेटमध्ये साठवलेले आहे. निजताना ती टॅबलेट कीबोर्डच्या डॉकमध्ये बसवते आणि चार्जर लावते. पहाटे उठून पाहते, तर बॅटरीचा आकडा रात्री होता तेथेच, अकरा टक्क्यांवर! शेजारी म्हणतात, ‘बॅटरी गेली.’ दुकानदार न उघडताच सांगतो, ‘नवी टाकावी लागेल.’ नव्या बॅटरीची किंमत म्हणजे तिच्या कित्येक दिवसांची मजुरी.

असा प्रसंग कोणावरही येऊ शकतो. ‘बॅटरी गेली’ हे वाक्य कधी खरे असते, कधी नसते. परंतु ते शोधाच्या शेवटी उच्चारावयाचे वाक्य आहे, प्रारंभी नव्हे. वीज नेमकी कोठे अडली आहे हे क्रमाने पाहिले, तर अनेकदा दोष अगदी साध्या ठिकाणी सापडतो आणि खर्च वाचतो. हा क्रम समजून घेण्यासाठी अभियंता असण्याची आवश्यकता नाही. थोडा धीर आणि नेमकी दृष्टी पुरेशी आहे.

डॉक म्हणजे काय?

‘डॉक’ या शब्दाचा मूळ अर्थ गोदी. जहाज गोदीला लागते, माल घेते आणि पुन्हा समुद्रात निघते. त्याचप्रमाणे टॅबलेट ज्या बैठकीत बसवला जातो आणि जेथून त्याला कीबोर्ड, जोडण्या व वीज मिळते, त्या बैठकीला डॉक असे नाव पडले.

वरून सारखे दिसणारे हे डॉक आतून मात्र निरनिराळे असतात. काहींमध्ये त्यांची स्वतःची बॅटरी असते. आसुस कंपनीने २०११ मध्ये आणलेला ‘ट्रान्सफॉर्मर’ हा टॅबलेट या प्रकाराचे प्रसिद्ध उदाहरण होय. टॅबलेटमध्ये एक बॅटरी आणि डॉकमध्ये दुसरी, अशी त्याची रचना होती. एकटा टॅबलेट सुमारे साडेनऊ तास आणि डॉकसह सुमारे सोळा तास चालेल, असे कंपनी सांगत असे. दुसऱ्या प्रकारच्या डॉकमध्ये बॅटरी नसते. चार्जरकडून आलेली वीज तो केवळ टॅबलेटकडे पोचवतो. ॲपलने २०२० मध्ये आयपॅडसाठी आणलेला ‘मॅजिक कीबोर्ड’ असा आहे. तिसरा प्रकार बिनतारी कीबोर्डचा. त्याची बॅटरी फक्त त्याच्याचपुरती असते. तो टॅबलेटला वीज देतच नाही.

आपल्या हातातील डॉक यांपैकी कोणत्या प्रकारचा आहे, हे प्रथम जाणून घ्यावे. बिनतारी कीबोर्डला चार्जर लावून टॅबलेट भरण्याची वाट पाहणे म्हणजे एका घागरीत पाणी ओतून दुसरी भरण्याची अपेक्षा करणे होय.

विजेचा पाट

शेतकरी विहिरीचे पाणी पाटाने शेतात नेतो. शेवटच्या वाफ्यात पाणी पोचले नाही, तर तो लगेच वाफा खणून काढत नाही. तो विहिरीपासून पाटाच्या कडेने चालत येतो. पाट कोठे फुटला आहे काय, कोठे काडीकचरा अडकला आहे काय, हे पाहतो. टॅबलेटच्या बाबतीतही हेच करावयाचे असते.

भिंतीवरील बोर्ड, चार्जर, केबल, डॉक, डॉक व टॅबलेट यांच्यामधील धातूचे सांधे, टॅबलेटमधील नियंत्रक यंत्रणा आणि अखेरीस बॅटरी, असा विजेचा मार्ग आहे. बॅटरी हा त्यातील सर्वांत शेवटचा टप्पा. तिच्या अलीकडे सहा टप्पे आहेत आणि त्यांपैकी कोणत्याही एका ठिकाणी वीज अडू शकते.

चार्जरवरील बारीक अक्षरे

प्रत्येक चार्जरवर बारीक अक्षरांत काही आकडे छापलेले असतात. त्यांतील ‘आउटपुट’ या शब्दापुढील आकडे महत्त्वाचे. व्होल्ट म्हणजे विजेचा दाब. पाण्याची टाकी जितकी उंचावर, तितका नळाला दाब अधिक. तसेच हे आहे. अँपिअर म्हणजे प्रवाहाचे प्रमाण. या दोहोंचा गुणाकार केला की वॅट मिळतात, म्हणजे चार्जर किती वेगाने ऊर्जा पुरवू शकतो हे कळते.

संगणकाच्या जुन्या पद्धतीच्या यूएसबी जोडणीतून सामान्यतः ५ व्होल्ट आणि ०.५ अँपिअर, म्हणजे अवघे २.५ वॅट मिळतात. ५ व्होल्ट व २ अँपिअरचा चार्जर १० वॅट देतो. वर उल्लेखिलेल्या ‘ट्रान्सफॉर्मर’चा चार्जर १५ व्होल्ट व १.२ अँपिअरचा, म्हणजे १८ वॅटचा होता.

हा फरक किती मोठा आहे, ते एका हिशेबावरून ध्यानात येईल. समजा, एका बॅटरीत २५ वॅट-तास एवढी ऊर्जा मावते. १० वॅटच्या चार्जरने ती भरण्यास किमान अडीच तास लागतील, २.५ वॅटने किमान दहा तास. प्रत्यक्षात काही ऊर्जा उष्णतेच्या रूपाने वाया जाते, म्हणून वेळ त्याहून अधिकच लागतो. डॉकमध्येही तेवढीच बॅटरी असेल, तर हा वेळ दुप्पट होतो. त्यातच पडदा लख्ख ठेवून चित्रफीत चालू असेल, तर आलेली वीज तेथल्या तेथे खर्च होते आणि चार्जर लावलेला असूनही आकडा खाली घसरतो. येथे बिघाड काहीच नसतो. आवकेपेक्षा जावक जास्त असते, इतकेच.

अलीकडे यूएसबी-सी ही जोडणी सर्वत्र दिसते. युरोपीय संघाने तर २८ डिसेंबर २०२४ पासून नव्या फोन व टॅबलेटसाठी ती बंधनकारक केली. परंतु तोंड सारखे म्हणून क्षमता सारखी, असे समजू नये. एकाच आकाराच्या दोन चार्जरांची शक्ती वेगळी असते आणि एकसारख्या दिसणाऱ्या दोन केबलींची वहनक्षमताही वेगळी असते. म्हणून टॅबलेटसोबत आलेला किंवा तेवढ्याच क्षमतेचा, योग्य प्रकारचा चार्जर वापरावा. अडॅप्टरवर भारतीय मानक ब्यूरोचे नोंदणीचिन्ह आहे ना, हेही पाहून घ्यावे.

शोधाचा क्रम

या शोधाचा एकच मुख्य नियम आहे : एका वेळी एकच गोष्ट बदलावी. चार्जर, केबल आणि बोर्ड एकदम बदलले आणि चार्जिंग सुरू झाले, तर दोष कशात होता हे कधीच कळत नाही. प्रत्येक बदलानंतर पडदा बंद करून टॅबलेट अर्धा तास तसाच ठेवावा. आधीचा आणि नंतरचा आकडा वहीत लिहावा. स्मरणावर विसंबू नये. लिहिलेला आकडा फसवत नाही.

प्रथम बोर्ड तपासावा. त्याच ठिकाणी दुसरे एखादे उपकरण लावून ते चालते का, हे पाहावे. नंतर केबल बदलावी. रोजच्या वापरात सर्वाधिक वाकते आणि ओढली जाते ती केबलच. टोकाजवळच्या मोडीत तिच्या आतील तारा तुटतात, पण वरचे आवरण धड दिसते. त्यानंतर तेवढ्याच क्षमतेचा दुसरा चार्जर लावून पाहावा. चार्जर अति तापत असेल किंवा त्याला जळका वास येत असेल, तर तो पुन्हा वापरूच नये.

यानंतरची पायरी सर्वांत महत्त्वाची. टॅबलेट डॉकमधून काढून त्याला चार्जर थेट जोडावा. बहुतेक टॅबलेटना ही सोय असते. थेट जोडल्यावर तो चार्ज झाला, तर बोर्ड, चार्जर, केबल आणि बॅटरी हे चारही निर्दोष ठरतात. दोष डॉकमध्ये किंवा डॉक व टॅबलेट यांच्या सांध्यात आहे, हे निश्चित होते. याउलट थेट जोडूनही काही फरक पडला नाही, तर टॅबलेटच्या आत लक्ष द्यावे लागते. अशा रीतीने एकाच चाचणीने निम्मा मार्ग संशयातून मुक्त होतो.

सांध्याची तपासणी उजेडात करावी. तेथे धूळ, कापडाचे तंतू, घामाचा थर किंवा गंज साचतो आणि धातूला धातू नीट टेकत नाही. स्वच्छता करताना दोन्ही उपकरणे बंद असावीत आणि चार्जर काढलेला असावा. कोरड्या, मऊ ब्रशने कचरा हलकेच बाहेर काढावा. सुई, टाचणी किंवा ओले फडके कदापि वापरू नये; दोन सांधे एकमेकांना जोडले गेले, तर चांगले यंत्रही बिघडू शकते. काही डॉकमध्ये चुंबक असतो. त्याला पडलेली टाचणी चिकटून बसते, याकडेही लक्ष असावे.

थेट चार्जिंगही होत नसेल, तर टॅबलेट एकदा पूर्ण बंद करून पुन्हा सुरू करावा. कधीकधी बॅटरीत वीज असते, पण आकडा दाखवणारी आज्ञावली चुकलेली असते. टॅबलेट अनेक दिवस पूर्ण रिकामा पडून असेल, तर चार्जर लावताच पडद्यावर खूण दिसेलच असे नाही. अशा वेळी काही तास धीर धरावा. टॅबलेट तापलेला असेल, तर तो सावलीत गार होऊ द्यावा. बॅटरीच्या रक्षणासाठी नियंत्रक यंत्रणा अति उष्णतेत चार्जिंग आपोआप मंद करते किंवा थांबवते.

बिघाड नव्हे, स्वभाव

काही गोष्टी दोषासारख्या दिसतात, पण त्या यंत्राच्या स्वभावातीलच असतात. बॅटरी सुमारे ऐंशी टक्के भरल्यानंतर चार्जिंग संथ होते. भरत आलेल्या हंड्यात पाणी सांडू नये म्हणून धार बारीक करावी, तसा हा प्रकार आहे. डॉकमध्ये बॅटरी असेल, तर चार्जर काढल्यावर डॉकची वीज टॅबलेटला मिळत राहते. त्यामुळे डॉकचा आकडा भराभर उतरतो आणि टॅबलेटचा मात्र टिकून राहतो. डॉक बिघडला, असा त्याचा अर्थ नाही. तो आपले कामच करीत असतो.

बॅटरीचे वय आणि धोक्याची खूण

सर्व पायऱ्या पार करूनही यश आले नाही, तरच संशय बॅटरीवर घ्यावा. टॅबलेटमधील बॅटरी लिथियम-आयन वर्गातील असते. या बॅटरीच्या विकासासाठी जॉन गुडइनफ, स्टॅनली व्हिटिंगहॅम आणि अकिरा योशिनो यांना २०१९ चे रसायनशास्त्राचे नोबेल पारितोषिक मिळाले. ही बॅटरी गुणवान असली, तरी अमर नाही. वारंवार भरण्या-रिकामी होण्याने आणि विशेषतः उष्णतेने तिची साठवणक्षमता घटत जाते. पूर्ण भरलेला टॅबलेट पूर्वीच्या निम्माच वेळ चालत असेल किंवा तीस टक्के असतानाच अचानक बंद पडत असेल, तर बॅटरी थकली असे समजावे.

एक खूण मात्र दिसताच सर्व चाचण्या थांबवाव्यात. टॅबलेटची पाठ फुगलेली असेल, पडदा कडेने उचलला गेला असेल किंवा चमत्कारिक वास येत असेल, तर बॅटरी आतून फुगली आहे. ती दाबू नये, टोचू नये, चार्ज करू नये. जळणाऱ्या वस्तूंपासून दूर ठेवून ती जाणत्या कारागिराकडून काढून घ्यावी. जुनी बॅटरी घरच्या कचऱ्यात टाकू नये. ती संकलन केंद्रात द्यावी. भारतात यासाठी २०२२ चे बॅटरी कचरा व्यवस्थापन नियम लागू आहेत.

शोधाचे फळ

आता प्रारंभीच्या अभ्यासार्थिनीकडे वळू. तिने बोर्ड तपासला, केबल बदलली, चार्जर बदलला. आकडा हलला नाही. मग तिने टॅबलेट डॉकमधून काढून थेट जोडला. अर्ध्या तासात अकराचे एकोणीस टक्के झाले. बॅटरी निर्दोष होती. डॉकच्या खाचेत पाहिले, तेव्हा शिवणकामाच्या कापडाचे तंतू दाबून बसलेले दिसले. ब्रशने ते निघाले आणि डॉकमधूनही चार्जिंग सुरू झाले. खर्च काहीच आला नाही.

प्रत्येक वेळी इतके सोपे उत्तर मिळेल असे नाही. डॉक खरोखर नादुरुस्त असेल, तर दुरुस्ती करावीच लागेल. पण वहीतील नोंदी घेऊन दुकानात जाणाऱ्या माणसाला ‘थेट लावल्यावर चार्ज होतो, डॉकमधून होत नाही’ असे नेमके सांगता येते. जो नेमके सांगू शकतो, त्याला फसवणे अवघड असते. यंत्र कोणतेही असो, कारण शोधल्याशिवाय उपाय ठरवू नये.

स्वाध्याय

१. ‘बॅटरी गेली’ हे वाक्य शोधाच्या शेवटी उच्चारावे, असे पाठात का म्हटले आहे?
२. विजेचा मार्ग आणि शेतातील पाट यांतील साम्य तुमच्या शब्दांत स्पष्ट करा.
३. एका वेळी एकच गोष्ट बदलण्याचा नियम पाळला नाही, तर काय होईल?
४. तुमच्या घरातील एका चार्जरवरील आकडे वाचा आणि तो किती वॅटचा आहे ते काढा.
५. घरातील एखाद्या बंद पडलेल्या वस्तूचा दोष तुम्ही कोणत्या क्रमाने शोधाल, ते आठ-दहा वाक्यांत लिहा.