गेटर आणि सेटर आपोआप!

समजा, संगणकात एका विद्यार्थ्याची नोंद ठेवायची आहे : नाव, इयत्ता आणि गुण. आज्ञावलीच्या इतर भागांनी या माहितीला थेट हात लावू नये, म्हणून प्रत्येक बाबीसाठी दोन छोट्या कृती लिहितात. किंमत वाचून देणारी ती ‘गेटर’ आणि किंमत बदलणारी ती ‘सेटर’. म्हणजे ३ बाबींना ६ कृती, ४० बाबींना ८०! साऱ्या एकाच साच्याच्या. असे काम करताना कंटाळा येतो आणि कंटाळ्यातून चुका होतात.

मग हे काम संगणकावरच का सोपवू नये? १९९५ साली आलेल्या रुबी भाषेत ‘अ‍ॅट्र अ‍ॅक्सेसर’ या सूचनेपुढे बाबींची नावे लिहिली, की दोन्ही कृती आपोआप तयार होतात. २०२१ साली जावाच्या १६व्या आवृत्तीत ‘रेकॉर्ड’ कायम झाला. त्यात फक्त वाचणाऱ्या कृती मिळतात. कारण एकदा केलेल्या नोंदीतील किंमत तेथे बदलता येत नाही.

मात्र एक लक्षात ठेवा. आपोआप बनलेला सेटर १०० पैकी ९५० गुणसुद्धा निमूटपणे स्वीकारतो! गुण ० ते १०० यांमध्येच असावेत, हे त्याला कोणी सांगितलेलेच नसते. तेवढा सेटर आपल्यालाच लिहावा लागतो. तेव्हा कोणत्या बाबीवर असा पहारा हवा, हे आधी ठरवा आणि बाकीचे काम खुशाल संगणकावर सोडा.