दगदग नको, हळदीकुंकू हवे

संक्रांत झाली की पंधरवड्याच्या आत माझ्या दवाखान्यात ठराविक तक्रारी घेऊन येणाऱ्या भगिनींची संख्या वाढते. कुणाची कंबर धरलेली असते, कुणाचे डोके दोन दिवस ठणकत असते, कुणाचे पित्त उसळलेले असते, तर एरवी आटोक्यात असलेला कुणाचा रक्तदाब वाढलेला असतो. चौकशी केली की उत्तर बहुधा एकच मिळते, "काल घरी हळदीकुंकू होते हो. साठ-सत्तर बायका येऊन गेल्या."

वास्तविक आलेली पाहुणी दहा-पंधरा मिनिटे टेकते, हळदीकुंकू लावून घेते, तिळगूळ आणि वाण घेते व पुढच्या घरी जाते. एवढ्या साध्या समारंभाने यजमानीण आजारी का पडावी? कारण पाहुण्या नव्हेत, तयारी आहे. आठ दिवसांत करायची कामे दोन दिवसांत, तीही एकटीने केली जातात. घर झाडणे, लाडू वळणे, बाजार करणे, रांगोळी घालणे यात दुपारचे जेवण चार वाजता होते किंवा होतच नाही. उपाशीपोटी चहा होतो, पाणी प्यायचे राहते, रक्तदाबाची गोळी विसरते, रात्रीचे जागरण होते. पित्त आणि अर्धशिशी उठायला एवढे पुरे असते. त्यात "अमकीकडे काय होते आणि आपल्याकडे काय" हा घोर असतो तो निराळाच. थोडा बेत आधी आखला तर यातले बरेचसे टळते.

एकच दिवस कशाला?

हळदीकुंकू संक्रांतीपासून रथसप्तमीपर्यंत केव्हाही करता येते. संक्रांत सूर्याच्या मकर राशीतील प्रवेशावर ठरते, म्हणून ती १४ किंवा १५ जानेवारीला येते. रथसप्तमी मात्र माघ शुद्ध सप्तमीला, म्हणजे चंद्राच्या तिथीवर. त्यामुळे या दोहोंतले अंतर दरवर्षी बदलते. २०२३ साली ते १३ दिवसांचे होते, तर २०२४ साली चांगले ३२ दिवसांचे. पंचांग पाहून आपल्या सोयीचा दिवस ठरवावा. मासिक पाळीचे त्रासाचे दिवस, मुलांच्या परीक्षा, नोकरीवरची गडबड टाळावी.

साठ जणींना एका संध्याकाळी बोलावण्यापेक्षा वीस-वीस जणींना दोन-तीन वेळा बोलावणे सोपे जाते. घर लहान असेल तर शेजारच्या दोघी-तिघींनी मिळून एकाच घरी करावे. खर्च आणि काम दोन्ही वाटले जाते. निमंत्रण देताना "पाच ते सात" अशी वेळ स्पष्ट सांगावी, म्हणजे रात्री नऊपर्यंत ताटकळावे लागत नाही.

खायला एकच पदार्थ, तोही आधी केलेला

तिळगूळ हाच या दिवसांचा खाऊ आहे. त्याच्या जोडीला वडे, ढोकळा, आइस्क्रीम यांची काही गरज नाही. १०० ग्रॅम तिळात सुमारे ५० ग्रॅम स्निग्धांश आणि १८ ग्रॅम प्रथिने असतात. थंडीत हा खाऊ अंगी लागतो. साल असलेल्या तिळात पॉलिशच्या तिळापेक्षा कॅल्शियम बरेच जास्त असते. मात्र २० ग्रॅमच्या एका लाडवात साधारण ९० ते १०० उष्मांक असतात. संध्याकाळभरात पाच घरे फिरून पाच लाडू खाल्ले तर ते एका जेवणाइतके होतात, हे पाहुण्यांनीही लक्षात ठेवावे. गुळाने साखर वाढत नाही हा समज चुकीचा आहे. मधुमेही पाहुणीला चिमूटभर तिळगूळ देऊन मान राखावा, लाडवाचा आग्रह करू नये.

लाडू आठ दिवस आधी करून घट्ट झाकणाच्या डब्यात ठेवले तर चांगले टिकतात. पाकाचे लाडू गरम असतानाच भराभर वळावे लागतात आणि तिथेच हात पोळतात. गुळाचा पक्का पाक उकळत्या पाण्यापेक्षा किती तरी अधिक तापलेला असतो, शिवाय तो कातडीला चिकटून राहतो. म्हणून बिनपाकाचे लाडू मला जास्त पसंत आहेत. भाजलेले तीळ, शेंगदाण्याचे कूट आणि किसलेला मऊ गूळ एकत्र कुटून वळले की झाले. पाकाचेच हवे असतील तर लाडू न वळता ताटात थापून वड्या पाडाव्यात आणि त्या वेळी लहान मुलांना स्वयंपाकघराबाहेर ठेवावे. पोळलेच तर बांगड्या-अंगठ्या काढून हात नळाच्या गार पाण्याखाली २० मिनिटे धरावा. बर्फ, हळद, टूथपेस्ट, शाई यांपैकी काहीही लावू नये. मोठा फोड आला, किंवा चेहरा, सांधा किंवा मूल पोळले असेल तर डॉक्टरांना दाखवावे.

मसाला दूध ठेवायचेच असेल तर लागेल तसे थोडे थोडे बाहेर काढावे, बाकीचे फ्रिजमध्ये राहू द्यावे. थंडीचे दिवस असले तरी दूध दोन तासांपेक्षा जास्त वेळ बाहेर ठेवणे बरे नव्हे. त्यापेक्षा बोरे, हरभऱ्याचे घाटे, गाजर आणि उसाचे करवे धुऊन ताटात मांडले तर शिजवण्याचे कामच उरत नाही.

सजावट : सुगडेच पुरेत

पूजेला आणलेली सुगडी, त्यातल्या गव्हाच्या ओंब्या, बोरे, गाजरे आणि बाजूला एक समई, एवढ्याने चौरंग भरून दिसतो. निराळे देखावे करायची जरुरी नाही. झेंडूचे तोरण बांधायला स्टुलावर डबा ठेवून चढू नये. घरातल्या उंच माणसाला सांगावे.

रांगोळी दोन-दोन तास उकिडवे बसून घातली की गुडघे आणि कंबर बोलू लागतात. पाटावर बसावे, दर पंधरा-वीस मिनिटांनी उठून चार पावले चालावे. ठिपक्यांची लहान रांगोळीही शोभते. रांगोळी म्हणजे दगडाची बारीक भुकटी. चाळणीने रंग भरताना ती नाकात जाते, म्हणून दमेकऱ्यांनी हे काम दुसऱ्यांवर सोपवावे. अत्तराने आणि उदबत्तीच्या धुरानेही दमा उसळू शकतो. अत्तर लावण्यापूर्वी "चालेल ना?" असे विचारावे. हल्लीच्या पुष्कळशा कुंकवांत कृत्रिम रंग असतात आणि त्यांनी काहींच्या कपाळाला खाज सुटते, कातडी काळवंडते. अशा पाहुणीने नुसती करंडी पुढे केली तरी मान पोहोचला असे समजावे.

वाणाचा घोर

वाण लुटायचे ते आनंदाने. पण याच वाणापायी महिन्याचा हिशेब कोलमडतो आणि झोप उडते, असे मला अनेकींनी सांगितले आहे. एकाच तऱ्हेची, रोजच्या वापरातली लहान वस्तू एकाच फेरीत आणावी. साबणाची वडी, हातरुमाल, गुळाची लहान ढेप काहीही चालते. मागच्या वर्षीपेक्षा भारी द्यायचे असा काही नियम नाही.

बोरनहाण सांभाळून

अनेक घरी त्याच दिवशी बाळाचे बोरनहाण असते. बाळाच्या डोक्यावरून घालायच्या बोरांत आणि हलव्यात चुरमुरे, लाह्या, फुलांच्या पाकळ्या यांचेच प्रमाण जास्त ठेवावे. चार वर्षांखालील मुलांच्या श्वासनलिकेत अख्खा शेंगदाणा, हलव्याचा दाणा किंवा बोराची बी अडकू शकते. कार्यक्रम झाल्याबरोबर केर काढावा, कारण पलंगाखाली गेलेला दाणा रांगते मूल दोन दिवसांनी शोधून काढते. घास अडकलेले मूल खोकत, रडत असेल तर त्याला खोकू द्यावे. आवाजच निघत नसेल तर पालथे धरून, डोके खाली ठेवून दोन खवाट्यांच्या मध्ये तळहाताच्या टाचेने पाच थापा माराव्यात आणि तसेच दवाखान्याकडे धावावे. न दिसणाऱ्या वस्तूसाठी घशात बोट घालू नये.

कुणाला बोलवावे?

पन्नाशीच्या एक बाई माझ्याकडे औषधाला येतात. यजमान गेल्यापासून दर जानेवारीत त्यांना झोप लागत नाही, जेवण जात नाही. बोलता बोलता उलगडा झाला. वर्षानुवर्षे ज्यांच्याबरोबर त्यांनी वाण लुटले, त्याच शेजारणी आता हसत-बोलत त्यांच्या दारावरून पुढल्या घरी जातात. या दुखण्याला माझ्याकडे गोळी नाही. एकटेपणाने माणसाची झोप, भूक, रक्तदाब सारेच बिघडते.

१८५२ साली सावित्रीबाई फुले यांनी पुण्यात महिला सेवा मंडळातर्फे तिळगुळाचा समारंभ केला, तेव्हा कोणत्याही जातीच्या स्त्रिया आल्या तरी त्यांना एकाच जाजमावर बसवले जाईल असे निमंत्रणातच कळवले होते. मे २०२२ मध्ये कोल्हापूर जिल्ह्यातील हेरवाड ग्रामपंचायतीने विधवांविषयीच्या अनिष्ट प्रथा बंद करण्याचा ठराव केला आणि त्याच महिन्यात राज्य शासनाने इतर ग्रामपंचायतींनाही तसे आवाहन केले. आपल्या घरच्या हळदीकुंकवाला तर कुणाच्या ठरावाचीही गरज नाही. शेजारच्या काकूंना स्वतः जाऊन बोलावणे करावे. कुंकू लावायचे की नाही हे त्यांच्या इच्छेवर सोडावे. तिळगूळ तर सर्वांनाच देता येतो.

त्या दिवशीचे पथ्य

दुपारचे जेवण एक वाजेपर्यंत उरकावे व अर्धा तास आडवे व्हावे. नेहमीच्या गोळ्या चुकवू नयेत. पाण्याचा तांब्या जवळ ठेवावा. स्वतःसाठीही एक खुर्ची मांडावी. वाण देणे, दूध देणे, पेले विसळणे ही कामे घरातल्या मुलांनी आणि पुरुषांनी वाटून घ्यावीत. आवराआवर दुसऱ्या दिवसावर ठेवली तरी बिघडत नाही. आणि दोन दिवसांनंतरही डोके दुखत राहिले, छातीत जड वाटले किंवा धाप लागू लागली तर "दगदगीने झाले असेल" म्हणून अंगावर काढू नये. रक्तदाब तपासून घ्यावा.