‘द लास्ट एअरबेंडर’ : मूळ न पाहिलेल्यांच्या नजरेतून

अलीकडच्या वर्षांत जुन्या कार्टूनवरून हाडामांसाचे नट घेऊन चित्रपट काढण्याची टूम निघाली आहे. १९६७च्या ‘द जंगल बुक’वरून २०१६ साली नवा चित्रपट निघाला, १९९२च्या ‘अल्लादिन’वरून २०१९ साली निघाला. अशा चित्रपटांना दोन तऱ्हेचे प्रेक्षक असतात. एक, ज्यांनी लहानपणी मूळ कार्टून पाहिलेले असते. दुसरे आमच्यासारखे, ज्यांच्या घरी केबलच्या पैशांआधी परीक्षेची फी, रेशन आणि भाडे यांचा नंबर लागला.

पहिले दुसऱ्यांना सांगतात, ‘तुम्ही मूळ पाहिले नाही, तुम्हाला काय कळणार?’ वाचकहो, हे वाक्य आपल्या लोकांना नवे नाही. ‘तुम्ही मूळ ग्रंथ वाचले नाहीत, तुम्हाला बोलण्याचा अधिकार नाही’, हे आपल्या आज्या-पणज्यांनीही ऐकले. ज्यांनी ग्रंथाला हातही लावू दिला नाही, तेच हे सांगत होते. कार्टूनची बाब त्यामानाने किरकोळ आहे, पण प्रश्नाची जात तीच. मूळ न पाहता जे समोर दिसले, त्यावर मत देण्याचा अधिकार माणसाला आहे की नाही? एक चित्रपट समोर ठेवूनच हा प्रश्न तपासू.

हा चित्रपट म्हणजे २०१० सालचा ‘द लास्ट एअरबेंडर’. दिग्दर्शक एम. नाइट श्यामलन हे मूळचे भारतीय. त्यांचा जन्म १९७० साली माहे येथे झाला, वाढले मात्र अमेरिकेत. मूळ कार्टून ‘अवतार : द लास्ट एअरबेंडर’ हे मायकल दान्ते डिमार्टिनो आणि ब्रायन कोनिएत्झको या दोघांचे. निकेलोडियन वाहिनीवर ते २००५ ते २००८ या काळात तीन पर्वांत चालले. एकूण भाग ६१. चित्रपटाच्या नावातला ‘अवतार’ शब्द मात्र गळाला, कारण जेम्स कॅमेरून यांच्या २००९ सालच्या ‘अवतार’शी नावाचा घोळ झाला असता.

गोष्ट काय?

जगात चार राष्ट्रे आहेत : पाणी, पृथ्वी, अग्नी आणि वायू. प्रत्येक राष्ट्रातल्या काही माणसांना आपापले तत्त्व हुकमात वागवता येते. चारही तत्त्वे वश असलेला एकच माणूस असतो, त्याला ‘अवतार’ म्हणतात. अग्नी राष्ट्राने जग जिंकायला सुरुवात केली आणि वायू राष्ट्रातले सारे भिक्खू मारून टाकले. उरला तो आंग नावाचा बारा वर्षांचा मुलगा. शंभर वर्षे तो बर्फात गोठून राहिला. दक्षिण ध्रुवाकडची कटारा आणि सोक्का ही बहीणभावंडे त्याला बाहेर काढतात. अग्नी राष्ट्राचा राजपुत्र झुको त्याच्या मागे लागतो, कारण त्या मुलाला पकडून आणल्याशिवाय बाप त्याला घरात घेणार नसतो.

उन्हाळ्याच्या सुटीत बहिणीची मुले आली होती, तेव्हा हा चित्रपट आम्ही सगळ्यांनी घरीच बसून पाहिला. बारावीतल्या भाचीने मूळ कार्टून मोबाइलवर पुरे केलेले. आम्ही, आमची आई आणि सात वर्षांचा भाचा कोरे. कोऱ्या प्रेक्षकाला जे दिसले ते असे.

पहिली गोष्ट, चित्रपट दाखवतो कमी आणि सांगतो जास्त. उत्तरेच्या राजकन्येशी सोक्काचे मन जुळते, तेसुद्धा कटारा निवेदनात सांगून मोकळी होते. आमची आई म्हणाली, ‘हे तर पत्र वाचल्यासारखं झालं.’ कारण भाचीकडून कळले. पहिल्या पर्वाचे वीस भाग, म्हणजे सात तासांहून अधिक गोष्ट, १०३ मिनिटांत कोंबली आहे. पण कारण कळण्याआधीच आईचे मत झाले होते, आणि ते बरोबर होते.

दुसरी गोष्ट नावांची. कार्टूनमधला ‘ॲंग’ इथे ‘आंग’ होतो, ‘सॉका’चा ‘सोक्का’ होतो. उच्चार आशियाई वळणाचे व्हावेत, हा श्यामलन यांचा हेतू होता. मूळ पाहिलेले यावर चिडले. आमच्या कानाला त्यात काहीच खटकले नाही. म्हणजे मूळ माहीत असणाऱ्यांचा प्रत्येक राग आपला राग असतोच असे नाही.

पायाखालची माती

एका प्रसंगात पृथ्वी राष्ट्राच्या माणसांना कैदेत टाकलेले असते. दगडमाती हुकमात वागवणारी ही माणसे चारी बाजूंनी माती असलेल्या ठिकाणीच बसून राहतात. आंग येऊन त्यांना आठवण देतो की तुमच्या पायाखाली माती आहे. मग ती उठतात. जगभरच्या रसिकांनी या प्रसंगाची टर उडवली. मातीच्या माणसांना मातीत कोण कोंडतो? आणि ती तरी इतके दिवस गप्प का बसली?

आम्हाला मात्र तो प्रसंग भावला. आपल्या ताकदीचा विसर पडलेली माणसे आम्ही पाहिली आहेत. कारखान्याच्या फाटकावर पाहिली, गावकुसाबाहेर पाहिली. पायाखाली माती असूनही माणूस उठत नाही, हे आम्हाला मुळीच अशक्य वाटले नाही.

तेव्हा भाचीने मूळ प्रसंग सांगितला. कार्टूनमध्ये तो तुरुंग भर समुद्रात, सगळा लोखंडाचा. आजूबाजूला मातीचा कणही नाही. कटारा कैद्यांपुढे आवेशाने भाषण करते, पण एकही जण उठत नाही. मग ही मुले भट्टीसाठी साठवलेला कोळसा वर आणून त्यांच्यापुढे ओततात. कोळसा जमिनीतलाच. तो समोर आला, तरी आधी ते कचरतात, मग एकेक करून उठतात.

हे ऐकून आम्ही थोडा वेळ गप्प झालो. चित्रपट म्हणतो, आठवण द्या म्हणजे माणूस उठेल. कार्टून म्हणते, आठवण पुरत नाही, हाती साधनही लागते. शिक्षण हवे, नोकरी हवी, पायाखाली स्वतःची जमीन हवी. मुलांसाठी काढलेले चित्र मोठ्यांच्या चित्रपटापेक्षा शहाणे निघाले. मूळ पाहिल्याचा फायदा असेल तर तो हा.

गोरा नायक, सावळा शत्रू

चित्रपट निम्म्यावर आला असताना भाच्याने विचारले, ‘मामा, हा वाईट दादा आपल्या काकासारखा का दिसतो?’

त्याला मूळ काही ठाऊक नव्हते, वाद ठाऊक नव्हता. त्याने फक्त पाहिले. आंग, कटारा आणि सोक्का ही तिन्ही मुख्य माणसे गोऱ्या नटांनी केली आहेत. बर्फातल्या वस्तीत इतर गावकरी एका चेहऱ्यामोहऱ्याचे आणि ही भावंडे व त्यांची आजी वेगळ्याच. झुकोच्या कामात देव पटेल, हा भारतीय वंशाचा ब्रिटिश नट. सेनापती झाओ म्हणजे मुंबईत जन्मलेले आसिफ मांडवी. झुकोचा काका इराणात जन्मलेले शॉन टौब, तर अग्नी राष्ट्राचा राजा न्यूझीलंडचे माओरी नट क्लिफ कर्टिस. जगाला वाचवणारे गोरे आणि जग जाळायला निघालेले सावळे, अशी विभागणी झाली.

कार्टूनमधले जग आशियाई आणि ध्रुवाकडच्या मूलनिवासी लोकांच्या जीवनावर बेतलेले आहे. पाण्याच्या राष्ट्राची माणसे त्यात सावळीच आहेत. तत्त्वे हुकमात वागवण्याच्या हालचाली चिनी युद्धकलांवरून घेतल्या : पाण्यासाठी ताई ची, पृथ्वीसाठी हुंग गार, अग्नीसाठी उत्तर शाओलिन, वायूसाठी बागुआ. म्हणूनच २००८च्या अखेरीस नटांची नावे बाहेर येताच अमेरिकेतल्या आशियाई वंशाच्या तरुणांनी निर्मात्यांना पत्रे धाडली आणि संघटितपणे निषेध सुरू केला. श्यामलन यांचे उत्तर असे, की चित्रातल्या चेहऱ्यांचा वंश निश्चित नसतो आणि आपल्या चित्रपटात नाना वंशांची माणसे आहेत. माणसे नाना वंशांची आहेत हे खरे. पण कोणाला कुठे बसवले, हा प्रश्न त्याने मिटत नाही. पंगतीत सगळे आहेत, पण वाढले कोणाला आणि उष्टी काढायला कोणाला ठेवले, हे आपल्याला विचारावेच लागते.

भाची म्हणाली, ‘पण मामा, झुको पुढे सुधारतो. तोच आंगला अग्नीची विद्या शिकवतो आणि शेवटी राजा होतो.’ खरे आहे, पण ते कार्टूनमध्ये. चित्रपट तीन निघायचे होते, पण निघाला एकच. जगभरात त्याने तीस कोटी डॉलरहून अधिक गल्ला जमवला, तरी टीकाकारांनी तो झोडपला आणि वर्षातल्या सर्वांत वाईट चित्रपटासह पाच ‘रॅझी’ त्याच्या गळ्यात पडल्या. पुढचे भाग आलेच नाहीत. त्यामुळे ज्याने फक्त हाच चित्रपट पाहिला, त्याच्यापुरता सावळा मुलगा कायमचा शत्रूच राहिला. सात वर्षांच्या पोराच्या मनावर ते ठसून राहते.

चीवर आणि ‘अवतार’

आपल्या घरांतून आणखी एक प्रश्न येणार. आंगचे मुंडण, भगवी-पिवळी वस्त्रे, डोंगरावरची विहारे हे सारे तिबेटी भिक्खूंवरून घेतले आहे. त्याच्या गुरूचे नाव ग्यात्सो, आणि चौदाव्या दलाई लामांचे नावही तेन्झिन ग्यात्सो. कार्टूनमध्ये लहानग्या आंगपुढे हजारो खेळणी ठेवतात आणि तो नेमकी चार उचलतो. दलाई लामांची निवडही बालपणी आधीच्या लामांच्या वस्तू ओळखण्यावरून झाल्याचे सांगतात.

मुलांना इथे स्पष्ट सांगितले पाहिजे, की ही एका परंपरेची रीत आणि परीकथेची गंमत आहे. आपल्या धम्मात अवतार नाही. १४ ऑक्टोबर १९५६ रोजी नागपूरला बाबासाहेबांनी दिलेल्या बावीस प्रतिज्ञांपैकी पाचवी बुद्धाला विष्णूचा अवतार मानणे नाकारते. ‘बुद्ध आणि त्यांचा धम्म’ या ग्रंथात पृथ्वी, आप, तेज आणि वायू ही चार तत्त्वे येतात खरी, पण देह कशाचा बनतो आणि मरणानंतर त्याचे काय होते, हे समजावण्यासाठी. तिथे आत्मा एका देहातून दुसऱ्यात जात नाही. चार तत्त्वांच्या गोष्टीवरून मुलांना त्या पानांकडे नेता आले, तर सुटीतला एक दिवस सत्कारणी लागला म्हणायचे.

मग अधिकार कोणाचा?

नेटफ्लिक्सने २०२४ साली याच कार्टूनवरून खऱ्या नटांची आठ भागांची मालिका आणली. मूळ कर्त्या दोघांनी मतभेदांमुळे २०२० सालीच तिच्यातून अंग काढून घेतले होते. तरी आंगचे काम फिलिपिनो वंशाच्या गॉर्डन कॉर्मियर या मुलाला मिळाले आणि इतर मुख्य कामेही आशियाई व मूलनिवासी वंशाच्या मुलांना दिली गेली. निषेधाची पत्रे पाण्यात गेली नाहीत, असे आम्ही समजतो.

मूळ पाहिलेल्या भाचीने आम्हाला कोळशाचा प्रसंग दिला. मूळ न पाहिलेल्या भाच्याने सर्वांत नेमका प्रश्न विचारला. दोघांचीही गरज होती. म्हणून पालकांना आमचे एवढेच सांगणे : मुलांसोबत बसून पाहा. मूळ मिळत असेल तर तेही मिळवा, कारण मुळापर्यंत जाण्याची सवय चांगली. पण मूळ पाहिले नाही म्हणून मुलाला गप्प बसवू नका. नायक कोण, शत्रू कोण, आणि आपल्यासारखा दिसणारा कुठे उभा केला आहे, हे विचारायला डोळे पुरतात.