कोडला हातही लावला नाही, तरी इम्पोर्ट एरर का येते?

फेब्रुवारी २०२२. संध्याकाळी क्लायंटला डेमो द्यायचा होता. फ्लास्कमध्ये लिहिलेलं वेब ॲप माझ्या लॅपटॉपवर मस्त चालत होतं. तेच नव्या सर्व्हरवर टाकलं, तर सुरूच होईना. इम्पोर्ट एरर: मार्कअपसेफमध्ये सॉफ्ट_युनिकोड नावाचं काही सापडत नाही. मार्कअपसेफ हा शब्दच मी पहिल्यांदा वाचत होते! माझ्या कोडमध्ये तो कुठेच नव्हता.

मग आला कुठून? मी मागितलं होतं फक्त फ्लास्क १.१.४. पण फ्लास्कला पानं तयार करायला जिंजा हे पॅकेज लागतं, आणि जिंजाला मजकुरातली धोक्याची एचटीएमएल चिन्हं निकामी करायला मार्कअपसेफ. या साखळीलाच डिपेंडन्सी म्हणतात.

फ्लास्कची अट होती, जिंजा ३ च्या आतलंच हवं. म्हणून आलं २.११. त्या जुन्या जिंजाची अट मात्र ढिली: मार्कअपसेफ ०.२३ किंवा त्यापुढचं कुठलंही चालेल. गोम इथेच आहे. मार्कअपसेफ २.० मध्ये सॉफ्ट_युनिकोडचं नाव बदलून सॉफ्ट_एसटीआर झालं. जुनं नाव काही महिने चालू होतं, वापरलं तर इशाराही यायचा (इशारे कोण वाचतं म्हणा). फेब्रुवारी २०२२ मध्ये आलेल्या २.१.० मधून ते काढूनच टाकलं. माझ्या लॅपटॉपवर जुनं २.०.१ बसलेलं होतं, सर्व्हरने नवीन उचललं.

गंमत म्हणजे अशा वेळी ‘पिप चेक’ चालवलंत तरी सगळं ठीक असल्याचंच सांगतं. कागदावरच्या अटी पूर्ण झालेल्याच असतात ना!

त्या दिवशी रिक्वायरमेंट्स फाइलमध्ये ‘मार्कअपसेफ==२.०.१’ एवढी एक ओळ घातली आणि ॲप उठलं. डेमो मात्र उशिराच सुरू झाला.

फोनवर हा त्रास सहसा जाणवत नाही, कारण बहुतेक ॲप आपल्या लायब्ररी स्वतःसोबतच घेऊन येतात. पायथनमध्ये ती सोय आपण करायची. प्रत्येक प्रोजेक्टला वेगळं व्हर्च्युअल एन्व्हायर्नमेंट बनवा, आणि सगळं नीट चालू असतानाच ‘पिप फ्रीझ’ने नेमकी व्हर्जन्स फाइलमध्ये लिहून ठेवा. बिघडल्यावर करून उपयोग नाही.

पण व्हर्जन बांधून ठेवलं की सुरक्षेच्या दुरुस्त्याही आपोआप येत नाहीत. म्हणून माझी ती ओळ तात्पुरतीच होती. पुढच्या महिन्यात फ्लास्क २ वर गेले, आणि ती काढून टाकली.