रात्रीची वाट आणि तांबडी विजेरी

रात्री बाहेर पडावयाचे तर हातात दिवा हवा, ही शिकवण आपल्याला घरातूनच मिळालेली असते आणि ती योग्यच आहे. परंतु ज्याला नकाशा व होकायंत्र यांच्या आधाराने अनोळखी डोंगरातून वाट काढावयाची आहे, त्याची अडचण थोडी निराळी असते. त्याला नकाशावरची बारीक रेषा पाहावयाची असते आणि लगेच मान वर करून अंधारातील डोंगराची सोंड, खिंड किंवा दरीची कड ओळखावयाची असते. विजेरीचा पांढरा झोत नकाशावर पडला की नकाशा स्वच्छ दिसतो. पण मान वर करून पाहावे, तो समोर काळ्या पडद्याखेरीज काही नसते. दिवा लावण्यापूर्वी जी खिंड अंधुक का होईना दिसत होती, तीही नाहीशी झालेली असते.

यावर उपाय म्हणून तांबड्या प्रकाशाची विजेरी वापरावी, असे सांगण्यात येते. रात्रीच्या कूचाचे शिक्षण घेणारे सैनिक ती वापरतात, आकाशनिरीक्षक वापरतात. कळसूबाईसारखे १६४६ मीटर उंचीचे शिखर सूर्योदयापूर्वी गाठण्यासाठी मध्यरात्रीनंतर चढू लागणारी तरुण मंडळीही आता ती जवळ बाळगू लागली आहेत. परंतु केवळ प्रकाश तांबडा आहे एवढ्यावरून विजेरी घेणे पुरेसे नाही. प्रसंगी ते धोक्याचेही ठरते. ते कसे, आणि निवड कोणत्या कसोटीने करावी, याचा आज आपण विचार करू.

प्रथम डोळ्याकडे वळू. डोळ्याच्या आतील पडद्यावर प्रकाश ग्रहण करणाऱ्या दोन प्रकारच्या पेशी असतात. शंक्वाकार पेशी सुमारे ६० लाख असून त्या उजेडात काम करतात. रंग आणि बारीक अक्षरे त्यांच्यामुळे दिसतात. दंडाकार पेशी सुमारे १२ कोटी असून त्या अंधुक प्रकाशात काम करतात. त्यांना रंग कळत नाहीत. पण चांदण्यात दिसणारे जग आपण त्यांच्याच जोरावर पाहतो. या दंडाकार पेशींत ऱ्होडॉप्सिन नावाचे जांभळट तांबडे द्रव्य असते. प्रखर प्रकाश पडला की ते विघटित होते, आणि अंधारात गेल्यावर हळूहळू पुन्हा तयार होते. ‘अ’ जीवनसत्त्वाचा त्याच्याशी निकटचा संबंध आहे. म्हणूनच ते जीवनसत्त्व आहारात कमी पडले की माणसाला रातांधळेपणा येतो. या विषयातील संशोधनासाठी जॉर्ज वॉल्ड यांना १९६७ साली नोबेल पारितोषिकाचा वाटा मिळाला.

अंधाराला डोळा पूर्णपणे सरावण्यास अर्धा तास किंवा त्याहूनही अधिक वेळ लागतो. आणि अर्ध्या तासाची ही कमाई पांढऱ्या झोताकडे काही क्षण पाहण्याने बव्हंशी वाया जाते. हातातील मोबाइल फोनचा उजळ पडदाही हेच करतो, हे आजच्या तरुणांनी विशेष ध्यानात ठेवावे.

आता तांबडा रंगच का? अंगणातील जास्वंदीकडे संध्याकाळी पाहा. दिवसा तिची तांबडी फुले हिरव्या पानांहून अधिक उठून दिसतात. दिवेलागणीनंतर फुले काळी पडतात आणि पाने मात्र त्या मानाने उजळ राहतात. हा फरक जान पुर्किन्ये या चेक शास्त्रज्ञाने एकोणिसाव्या शतकाच्या आरंभी नोंदवला. त्याचे कारण असे, की दंडाकार पेशी सुमारे ५०० नॅनोमीटर लांबीच्या, म्हणजे निळसर हिरव्या लहरींना अधिकात अधिक दाद देतात आणि गडद तांबड्या लहरींना जवळजवळ देतच नाहीत. म्हणून मंद तांबड्या प्रकाशात शंक्वाकार पेशी नकाशा वाचतात आणि दंडाकार पेशींची अंधाराची तयारी बरीचशी कायम राहते. दुसऱ्या महायुद्धात रात्री उड्डाण करणारे वैमानिक उजेडाच्या खोलीत तांबड्या काचांचे चष्मे लावून बसत, ते याच तत्त्वाच्या आधारावर.

परंतु येथे पहिली सावधगिरी सांगितली पाहिजे. दंडाकार पेशी तांबड्या प्रकाशाला ‘जवळजवळ’ दाद देत नाहीत. अगदीच देत नाहीत असे नव्हे. तांबडा झोत प्रखर असेल तर तोही डोळ्याची तयारी बिघडवतो. उलट अतिशय मंद पांढरा प्रकाश थोडा वेळ वापरला तर होणारे नुकसान मर्यादित असते. म्हणजे प्रकाशाच्या रंगापेक्षा त्याचा मंदपणा अधिक महत्त्वाचा आहे. दुकानात मात्र नेमके उलट घडते. विक्रेता शेकडो ल्युमेनचे आकडे सांगतो आणि आपण सर्वांत प्रखर विजेरी पसंत करतो. नकाशा हातभर अंतरावरून वाचावयाला एका ल्युमेनच्या आसपासचा, किंबहुना त्याहूनही कमी प्रकाश पुरतो.

दुसरी सावधगिरी नकाशाविषयी आहे, आणि जिवाचा प्रश्न येथेच उभा राहतो. आपल्याकडे डोंगरात फिरणारे पुष्कळसे लोक भारतीय सर्वेक्षण विभागाचे नकाशे वापरतात. ज्या नकाशात दोन सेंटिमीटर म्हणजे प्रत्यक्षातील एक किलोमीटर, तो नकाशा अनेकांच्या परिचयाचा असेल. त्यात पाणी निळ्या रंगाने, झाडी हिरव्याने आणि शेतजमीन पिवळ्याने दाखवतात. वस्ती, रस्ते आणि पायवाटा तांबड्या असतात. जमिनीचा चढउतार सांगणाऱ्या समोच्च रेषा तपकिरी असतात.

हा नकाशा तांबड्या प्रकाशात धरला तर काय होते? पांढरा कागद आपल्यावर पडलेला तांबडा प्रकाश परत पाठवतो, आणि तांबडी शाईदेखील तोच प्रकाश परत पाठवते. कागद आणि रेषा यांत फरकच उरत नाही, म्हणून रेषा दिसेनाशी होते. ज्या पायवाटेवरून आपल्याला जावयाचे आहे ती ठिपक्यांची तांबडी रेषाच लुप्त होते. गावही लुप्त होते. तपकिरी समोच्च रेषा फिकट पडतात. जेथे या रेषा एकमेकींना खेटून आलेल्या असतात, तेथे प्रत्यक्षात कडा असतो. तो कडाच नकाशावर नीट दिसला नाही, तर रात्री दोनच्या सुमारास दहा-बारा मुलांना घेऊन चाललेल्या प्रमुखाने कोणत्या भरवशावर पुढचे पाऊल टाकावे? नद्या-ओढ्यांच्या निळ्या रेषा मात्र काळ्या होऊन ठळक दिसतात. त्यामुळे आपल्याला सर्व नकाशा वाचता येत आहे, असा खोटा विश्वास वाटू लागतो.

ही अडचण सैन्यांच्या ध्यानात फार पूर्वी आली. अमेरिकेच्या सैन्याने आपल्या नकाशांसाठी तांबडा व तपकिरी हे दोन्ही रंग एकत्र करून तांबूस तपकिरी शाई योजली. तांबड्या प्रकाशातही ती वाचता येते. आपल्या हाती तसा नकाशा नसेल, तर उपाय आपणच करावयास हवा. निघण्यापूर्वी दिवसाउजेडी आपली वाट नकाशावर काळ्या पेन्सिलीने गिरवावी. वाटेवरील गावांना काळे वर्तुळ करावे आणि कड्यांच्या जागी ठळक खूण करावी. विजेरी आणि नकाशा यांची जोडी घरीच, दिवे मालवून, एकदा जमवून पाहावी. ज्या नकाशासाठी विजेरी घ्यावयाची, तो नकाशा बरोबर घेऊनच दुकानात जावे हे उत्तम.

आता प्रत्यक्ष खरेदीकडे येऊ. पांढऱ्या विजेरीच्या काचेवर तांबडा कागद लावण्याची युक्ती जुनी आहे आणि अडीअडचणीला ती चालते. परंतु आजच्या पांढऱ्या एलईडी दिव्याच्या प्रकाशात निळा अंश मोठा असतो. कागद पातळ असेल तर तो अंश थोडाफार निसटून बाहेर पडतो, आणि डोळ्याला नको असतो तो नेमका तोच. जी एलईडी मुळातच तांबडा प्रकाश देते, तिची विजेरी अधिक विश्वसनीय असते. दुसरे असे, की तिचा प्रकाश अगदी मंद करण्याची सोय हवी. झोत एका ठिकाणी एकवटलेला नसावा. तळहाताएवढ्या भागावर सारखा पसरलेला असावा.

तिसरी गोष्ट बटणाची. अनेक विजेऱ्यांत बटण दाबले की प्रथम पांढरा प्रखर प्रकाश येतो आणि पुन्हा दाबल्यावर तांबडा येतो. अशा विजेरीने अर्ध्या तासाची कमाई प्रत्येक वेळी पहिल्या दाबालाच वाया जाते. बटण दाबताच प्रथम तांबडा प्रकाश येणारी, किंवा तांबड्यासाठी स्वतंत्र बटण असलेली विजेरी निवडावी. अंधारात केवळ बोटांनी चाचपून बटण ओळखता येते की नाही, हेही दुकानातच डोळे मिटून पाहावे.

चौथी गोष्ट होकायंत्राची. काही विजेऱ्यांच्या बुडाशी त्या लोखंडाला चिकटाव्यात म्हणून चुंबक बसवलेले असते. असे चुंबक होकायंत्राजवळ आले की सुई खुशाल खोटी दिशा दाखवते. पोलादी वेष्टणाचे सेलही जवळ आणल्यास सुई ढळू शकते. म्हणून चुंबकाची विजेरी घेऊ नये, आणि कोणतीही विजेरी होकायंत्रापासून थोडी दूरच धरावी. आणखी एक बारकावा असा: काही होकायंत्रांच्या तबकडीवर अंधारात चमकणारा रंग लावलेला असतो. प्रकाश शोषून चमकणारा हा रंग तांबड्या प्रकाशाने उजळत नाही; त्याला अंधार पडण्यापूर्वीच पांढऱ्या उजेडात ठेवावे लागते.

डोक्याला बांधावयाचा दिवा दोन्ही हात मोकळे ठेवतो, हा त्याचा मोठा गुण. पण आपण सोबत्याशी बोलावयास मान वळवली, की तो सरळ त्याच्या डोळ्यांत शिरतो. समूहाने जाताना लहान विजेरी दोरीने गळ्यात अडकवावी आणि नकाशा वाचण्यापुरतीच लावावी, हे बरे.

ज्यांना चाळिशी लागली आहे, त्यांना एक गोष्ट मुद्दाम सांगावीशी वाटते. तांबडे किरण डोळ्यात इतर किरणांपेक्षा किंचित मागे एकत्र येतात. त्यामुळे जवळचे वाचण्याचा आपला मूळचा त्रास तांबड्या प्रकाशात वाढतो. अशांनी चष्मा विसरू नये, आणि समूहात तरुण डोळ्यांचा एक सोबती नकाशावाचनासाठी नेमावा. ज्यांना जन्मतः तांबडा रंग नीट दिसत नाही, त्यांच्यापैकी काहींना हा प्रकाश फारच अंधुक वाटतो. त्यांच्यासाठी अतिमंद पांढरा दिवाच अधिक उपयोगी.

विजेरी घेतल्यावर तिची परीक्षा आकाशाखाली करावी. हिवाळ्यातील निरभ्र रात्री, गावाच्या दिव्यांपासून दूर, अर्धा तास अंधारात बसावे आणि कृत्तिकेच्या पुंजक्यात किती तारका मोजता येतात ते पाहावे. मग दोन मिनिटे त्या विजेरीच्या प्रकाशात नकाशा वाचावा आणि पुन्हा कृत्तिका मोजाव्यात. संख्या तेवढीच राहिली तर विजेरी कामाची आहे. कमी झाली तर प्रकाश आणखी मंद करावा; तो मंद होतच नसेल तर विजेरी परत करावी. ही परीक्षा कोणालाही, कोणत्याही उपकरणाशिवाय करता येते.

शेवटी, तांबडा प्रकाश कशासाठी नाही तेही सांगितले पाहिजे. तो नकाशा वाचण्यासाठी आहे, पायांखाली पाहण्यासाठी नव्हे. सह्याद्रीच्या पायथ्याच्या वाटांवर फुरशासारखा मातीच्या रंगाचा साप पाचोळ्यात बसलेला असतो. रंग हरपलेल्या तांबड्या उजेडात तो ओळखणे कठीण. अशा वाटेवर, निसरड्या उतारावर किंवा कड्याजवळ पांढरा दिवाच लावावा. कोणी जखमी झाले तरीही पांढराच लावावा, कारण रक्ताचा तांबडा रंग तांबड्या प्रकाशात नीट दिसत नाही. अशा वेळी एक डोळा घट्ट मिटून घ्यावा. दोन्ही डोळे अंधाराला स्वतंत्रपणे सरावतात, त्यामुळे मिटलेल्या डोळ्याची तयारी बव्हंशी शाबूत राहते आणि दिवा मालवल्यावर तोच आपल्या उपयोगी पडतो.

तेव्हा श्रोतेहो, रात्रीच्या वाटेसाठी विजेरी घेताना तिचा झोत किती दूर जातो हे विचारण्याआधी तो किती मंद करता येतो हे विचारा. तिच्या प्रकाशात आपल्या नकाशावरील पायवाट आणि कडा दिसतात की नाही, हे स्वतःच्या डोळ्यांनी पाहा. आणि पांढऱ्या प्रकाशाचा एक दिवा व जास्तीचे सेल पिशवीत असल्याची खात्री करूनच घराबाहेर पडा.