‘सर्व’चं चिन्ह येईपर्यंत

‘सर्व माणसं मर्त्य आहेत.’ इसवी सनापूर्वी चौथ्या शतकात ॲरिस्टॉटलने अशा वाक्यांची जी घडी बसवली, ती दोन हजार वर्षं जवळजवळ तशीच राहिली. तिची मर्यादा एकोणिसाव्या शतकात ऑगस्टस डी मॉर्गनने (जन्म मदुराईचा, १८०६) नेमकी दाखवून दिली. माणूस हा प्राणी असेल, तर माणसाचं डोकं हे प्राण्याचं डोकं असणारच. लहान मूलही हे मान्य करेल, पण जुन्या चौकटीत ते सिद्ध करता येत नव्हतं, कारण ‘अमक्याचं तमकं’ या संबंधाला तिथे जागाच नव्हती.

ती जागा केली जर्मनीतल्या गोटलोब फ्रेगेने, १८७९ मध्ये. त्याच्या मांडणीत ‘सर्व माणसं’ हा वाक्याचा कर्ता राहत नाही. कोणतीही वस्तू घ्या. ती माणूस असेल, तर ती मर्त्य आहे, असं ते वाक्य होतं. यात ‘तर’ आल्यामुळे जगात एकही माणूस नसला तरी विधान खरंच ठरतं. नवख्याला हे पटत नाही. पण असं विधान पाडायचं तर एक अमर माणूस पुढे आणावा लागेल, आणि माणूसच नाही तर आणणार कुठून?

खरी कमाई मात्र क्रमाची. ‘प्रत्येकाला कोणीतरी आई आहे’ आणि ‘कोणीतरी एक प्रत्येकाची आई आहे’ यांत शब्द तेच, जागा तेवढ्या बदलल्या, आणि खऱ्याचं खोटं झालं. मोठमोठे गणिती इथे अडखळले आहेत. संतत फलांच्या अभिसारी श्रेणीची बेरीजही संततच असते, असं कोशीने १८२१ मध्ये लिहिलं. आबेलने १८२६ मध्ये त्याला अपवाद दाखवला. बेरजेच्या हव्या तितक्या जवळ पोचायला प्रत्येक बिंदूसाठी श्रेणीतली वेगळी पायरी चालेल, की सगळ्या बिंदूंना मिळून एकच पायरी पुरायला हवी, हा भेद स्पष्ट व्हायला आणखी काही दशकं लागली.

अमेरिकेत चार्ल्स पर्स आणि त्याचा विद्यार्थी मिचेल यांनी १८८०च्या दशकात स्वतंत्रपणे फ्रेगेसारखाच मार्ग काढला. आज फळ्यावर ‘सर्व’साठी दिसणारा उलटा ‘ए’ मात्र गेर्हार्ड गेंट्सेनचा, १९३५ सालचा.

तर्कशास्त्र शिकवणाऱ्यांना एक विनंती आहे. चिन्ह आणि नियम पाठ करून घेण्याआधी मुलांना ‘प्रत्येक’ आणि ‘कोणीतरी’ यांची अदलाबदल करायला लावा आणि अर्थ कुठे बदलला ते त्यांनाच शोधू द्या.