कॉफीचा चोथा कुंडीत नको, खताच्या डब्यात

अनंताला, अझेलियाला आंबट माती मानवते, कॉफी आम्लधर्मी, म्हणून फिल्टरमधला चोथा थेट कुंडीत टाका, हा सल्ला बागप्रेमींमध्ये सतत फिरत असतो. मला तो थांबवावासा वाटतो. कॉफीतली बहुतेक आम्लं गरम पाण्याबरोबर पेल्यात उतरतात आणि आपण ती पिऊन टाकतो. उरलेल्या चोथ्याचा सामू साधारण ६.५ ते ६.८, म्हणजे जवळपास उदासीन असतो. आपल्याकडच्या चुनखडीयुक्त काळ्या मातीवर मूठभर चोथ्याचा काय परिणाम होणार?

नत्राचंही तसंच. चोथ्यात सुमारे २ टक्के नत्र असतं, पण ते प्रथिनांत अडकलेलं. जिवाणू-बुरशींनी ते कुजवून मोकळं केल्याशिवाय मुळांना मिळत नाही.

तोवर ताजा चोथा रोपाला अपायच करतो. मेलबर्नच्या संशोधकांनी २०१६ मध्ये प्रसिद्ध केलेल्या प्रयोगात ब्रोकोली, लीक, मुळा, व्हायोला आणि सूर्यफूल लावलं होतं. चोथा मिसळलेल्या मातीत पाणी जास्त टिकलं, तरीही सगळ्यांची वाढ खुंटली. वेगळी माती घेऊन, खत देऊनही फरक पडला नाही. दोष सामूचा किंवा नत्राचा नसून चोथ्यातल्या वनस्पतींना घातक द्रव्यांचा असावा, असा त्यांचा निष्कर्ष आहे. तिथे तणही कमी उगवलं, हे लक्षात घेतलं की कोवळ्या रोपांची काळजी वाटते.

खताच्या डब्यात मात्र चोथ्याचं सोनं होतं. रंगाने तपकिरी असला तरी तो भाजीच्या देठांसारखा ‘ओला’ कचरा धरायचा आणि भरपूर सुका पाला मिसळायचा. अमेरिकेतल्या वॉशिंग्टन स्टेट युनिव्हर्सिटीच्या उद्यानतज्ज्ञ लिंडा चॉकर-स्कॉट सांगतात, एकूण आकारमानात चोथा २० टक्क्यांच्या वर नको. पावसाळ्यात सुका पाला मिळत नाही, तेव्हा नारळाच्या शेंड्या किंवा पुठ्ठ्याचे तुकडे चालतात. मातीवर चोथ्याचा जाड थर देऊ नये. बारीक कण वाळून त्याची पापडी होते आणि पाणी वरच्या वर वाहून जातं.

इन्स्टंट कॉफीचा चोथा निघतच नाही. घरी फिल्टर नसेल तर जवळच्या उडुपी हॉटेलात किंवा कॅफेत विचारावं. आणलेला चोथा ताटात पसरून वाळवावा, नाहीतर त्याला लगेच बुरशी येते. घरात कुत्रा असेल तर डब्याचं झाकण घट्ट हवं. चोथ्यात उरलेलं कॅफीन त्याला विषारी ठरू शकतं.